सोलापुरात जागा किंवा फ्लॅट घेताना: कागद कसे वाचायचे, पैसे कधी सोडायचे

पहिल्यांदा जागा घेणाऱ्याची गडबड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते: पैसा कागदाच्या पुढे पळतो. जागा आवडते, एजंट म्हणतो "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय", लाखभर रुपये इसार म्हणून दिले जातात आणि उतारा मागण्याची आठवण त्यानंतर होते. एकदा पैसे अडकले की उताऱ्यावरची खटकणारी नोंदही माणूस "होईल काहीतरी" म्हणून सोडून देतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला स्वतःला दोन गोष्टी विचारा: तोपर्यंत कोणता कागद हातात हवा आणि खिशातून किती पैसे गेलेले चालतील.

पायरी १: जागा कोणत्या प्रकारात मोडते?

या पायरीला खर्च शून्य, फार तर उताऱ्याचे पंधरा रुपये.

जुन्या पेठा, म्हणजे शुक्रवार पेठ, साखर पेठ, बाळीवेस, उत्तर आणि दक्षिण कसबा, सिटी सर्व्हेत येतात. तिथे सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. तिला बोलताना सगळे प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. तिच्यावर सि.स. नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धरली आहे ते) आणि धारकांची नावे असतात. सत्ताप्रकाराच्या रकान्यात भाडेपट्टा किंवा शासकीय जमिनीचा उल्लेख दिसला तर तिथेच थांबा आणि नगर भूमापन कार्यालयात विचारा. जुन्या वाड्यांची अडचण जमिनीपेक्षा माणसांची असते. कार्डावर आजोबांचे नाव, प्रत्यक्षात तीन पिढ्यांचे वारस, त्यातले निम्मे पुण्या-हैदराबादला.

१९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावे महापालिकेत आली. या भागात सातबारा, गुंठेवारी आणि मंजूर लेआऊट एकमेकांना खेटून असतात. एका गल्लीत तिन्ही प्रकार सापडतील आणि तिन्हींचा भाव विकणारा एकच सांगेल. म्हणून पहिला प्रश्न हाच: "एनए आहे का, आणि लेआऊट मंजूर आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जमीन बिगरशेती झाली म्हणजे तिच्यावर पाडलेले प्लॉट मंजूर झाले असे नाही.

मंजूर रेखांकनाची सही-शिक्क्याची प्रत मागा आणि तुमचा प्लॉट नंबर त्यात स्वतः शोधा. अर्ध्या हेक्टरच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये सहसा दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. हीच खुली जागा पुढे "शेवटचा एक प्लॉट राहिलाय" म्हणून विकली गेल्याची प्रकरणे काही थोडी नाहीत. लेआऊट मंजूर झाल्यावर भूमी अभिलेख कार्यालय कमी-जास्त पत्रक करते. बोलीभाषेत त्याला कजाप म्हणतात. कजाप झाले की प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. "कजाप व्हायचंय" असे उत्तर आले तर सध्या तुमच्या नावावर स्वतंत्र उतारा निघणार नाही, असाच त्याचा अर्थ घ्या.

गुंठेवारी म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन. अशा जागा नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे. २०२१ मधील दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात बसते. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र असेल तर जागा विचारात घेण्यासारखी. "अर्ज टाकलाय" ही पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, आणि बँकही तिच्यावर कर्ज देत नाही.

शहराबाहेरच्या शेतजमिनीचे दोन अडथळे लक्षात ठेवा. शेतकरी नसलेल्या माणसाला कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दुसरा अडथळा तुकडेबंदीचा: २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा सहसा विकता येत नाही. शहरी हद्दीला आणि निवासी झोनला या कायद्यात अलीकडे सवलती मिळाल्या आहेत. तुमचा गट त्यात बसतो का, हे एजंटला विचारू नका, दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. सवलत मिळाली तरी लेआऊटची मंजुरी सुटत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

मापांचा हिशोब इथेच करून टाका. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. उताऱ्यावर मात्र हेक्टर-आर असते: एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. गुंठा आणि आर यांत फरक थोडा असला तरी दहा गुंठ्यांवर तो सव्वाशे फुटांच्या पुढे जातो.

पायरी २: सातबारा नीट वाचणे

महाभूलेखवरचा साधा उतारा फुकट बघता येतो. व्यवहारासाठी डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांचा घ्या. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर कधीच विसंबू नका. चार महिन्यांपूर्वीचा उतारा आणि आजचा उतारा यांत एक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, घुसलेला असू शकतो.

सर्वांत आधी भूधारणा पद्धती बघा. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालकाला विकायला सहसा अडकाठी नसते. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या, पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, आणि परवानगी मिळाली तरी बहुधा नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. "नजराणा तुम्ही भरा, भावात कमी करतो" हा प्रस्ताव गोड वाटतो, पण परवानगी मिळेल की नाही ही जोखीम त्यात गुपचूप तुमच्याकडे सरकते. देवस्थान इनामाच्या जमिनीपासून लांबच राहा.

मग मधला रकाना, नावांचा. कंस केलेले नाव म्हणजे ज्याचा हक्क संपला तो माणूस. नावाशेजारचा आकडा फेरफाराचा. तो फेरफार काढून वाचला तर हा माणूस मालक कसा झाला ते कळते: खरेदीने, वारसाने, वाटणीने की बक्षीसपत्राने. "ए.कु.मॅ." अशी अक्षरे दिसली तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. नाव एकाचे, पण हिस्सा घरातल्या सगळ्यांचा. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान मुलाचा स्वतःचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकला, तर ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकते. ही तीन-तीन अक्षरे लोक छपाईतली चूक समजून पुढे जातात.

उजवीकडचे इतर अधिकार. खरी माहिती इथे असते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयातला दावा, भूसंपादन. सोलापुरात आणखी एक नोंद भेटते: नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची. १९७६ चा हा कायदा राज्यातल्या ज्या मोजक्या शहरांना लागू होता त्यांत सोलापूर होते. तो राज्यात २९ नोव्हेंबर २००७ पासून रद्द झाला, पण कलम २० खालच्या सूट दिलेल्या जमिनींच्या अटी उताऱ्यावर अजून राहिलेल्या असतात. अशी नोंद असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातून तिची आजची स्थिती लेखी काढून घ्या.

खाली "प्रलंबित फेरफार" अशी ओळ असते. तिथे "नाही" हवे. "आहे" असेल तर तो निकाली निघेपर्यंत इसारसुद्धा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विकास आराखड्यातील स्थितीसाठी झोन दाखला घ्या. रस्ता, शाळा, बाग यांचे आरक्षण सातबाऱ्यावर दिसत नाही. होटगी रोडच्या बाजूला विमानतळामुळे उंचीचे बंधन तपासा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये ज्या कारणाने पाडली गेली, तेच कारण तुमच्या चौथ्या मजल्यालाही लागू होऊ शकते. भुईकोट किल्ल्याच्या आसपास पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. सुरत-चेन्नई महामार्गाच्या पट्ट्यातल्या गावांत गट नंबर संपादनाच्या अधिसूचनेत आहे का, ते बघून घ्या.

पायरी ३: मालकीचा शोध आणि वारस

आता वकिलाची फी जाईल. ती वाचवू नका.

वकील सहसा तीस वर्षांचा शोध घेतात आणि त्यावरून सर्च रिपोर्ट देतात. त्याचा आधार म्हणजे सूची क्रमांक २, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा सारांश त्यात असतो: कोणी कोणाला, किती क्षेत्र, किती रकमेला. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तो स्वतःही बघता येतो. नाव आणि गट नंबर टाकून दोन संध्याकाळी बसलात तर वकिलाला विचारायचे अर्धे प्रश्न तयार होतील. बँकांकडे ठेवलेले गहाण बघण्यासाठी सरसाईची केंद्रीय नोंदही तपासून घ्या. उताऱ्यावर बोजा चढलेला नसतानाही मूळ कागद बँकेत असू शकतात.

सगळ्यांत जास्त व्यवहार बिघडतात ते बहिणींच्या सह्यांवरून. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. "ताईला काही नको, ती बोललीय" याला कागदोपत्री किंमत नाही. एक तर तिने खरेदीखतावर सही करावी, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचे संमतीपत्र पुरत नाही.

शोध समाधानकारक असेल तर वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. हरकतीची मुदत साधारण सात ते पंधरा दिवस ठेवतात. नोटीस आली म्हणून विकणारा चिडला तर ती चिडण्याची नव्हे, सावध होण्याची वेळ आहे, आणि ती तुमची.

प्लॉट असेल तर हद्द कायम मोजणी करून घ्या. अर्ज उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे करायचा. चतुःसीमा कागदावर बरोबर आणि जागेवर शेजाऱ्याची भिंत चार फूट आत, हे खुल्या प्लॉटमध्ये नेहमीचे आहे.

पायरी ४: इसार, साठेखत, खरेदीखत

इसार पावतीवर बोलणी पक्की झाल्याची खूण म्हणून थोडीच रक्कम द्या. नोटरी केलेल्या पावतीने मालकी मिळत नाही. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार आहे. त्यात किंमत, हप्ते, मुदत, ताबा कधी, आणि कोणी माघार घेतली तर काय, हे लिहिलेले असते. ते नोंदवूनच घ्या, म्हणजे इंडेक्स टूवर येते आणि दुसऱ्याला विकायची वाट अवघड होते. मालकी मात्र बदलते ती खरेदीखताने. कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती देऊन "विक्री" करण्याच्या पद्धतीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगून टाकले आहे. तरीही गुंठेवारीत हा प्रकार चालूच आहे.

रोखीचे बोलणे निघाले तर लक्षात ठेवा: स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण अशी की रोख दिलेल्या पैशाला पुरावा नसतो. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस कापून भरणे हे घेणाऱ्याचे काम आहे. विकणारा अनिवासी असेल तर नियम वेगळे आणि दर जास्त. तेव्हा सनदी लेखापालाला विचारा.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात.

पायरी ५: खर्चाचा पूर्ण आकडा

मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनरचे (सरकारने ठरवलेल्या दरांच्या तक्त्याचे) मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागते. २०२५-२६ च्या तक्त्यात सोलापूर महापालिका क्षेत्रात १०.१७ टक्के वाढ झाली. ती राज्यातल्या महापालिकांमध्ये सर्वाधिक होती. त्यामुळे जुन्या आकड्यांवर मांडलेला हिशोब इथे हमखास चुकतो. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर फरकाचा आयकर घेणाऱ्यालाही बसू शकतो.

एक उदाहरण मांडू. जुळे सोलापुरात बांधकाम चालू असलेला फ्लॅट, किंमत ४० लाख, रेडी रेकनरने मूल्य ४२ लाख. महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह ६ टक्के धरले तर मुद्रांक २,५२,०००. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (घराच्या आतले वापराचे क्षेत्र) ९० चौरस मीटरच्या आत असल्याने जीएसटी १ टक्का, ४०,०००. त्याबाहेर गेलात तर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. म्हणजे किमतीवर ३,२२,००० वर गेले. वकील, बँकेची प्रक्रिया फी, मीटर आणि सोसायटीची ठेव यात नाही. घर केवळ महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, इथे ४२,००० रुपये. पती-पत्नी दोघांची नावे असतील तर ती मिळत नाही. नक्की आकडा नोंदणी विभागाच्या शुल्क गणकावर काढूनच चलन भरा.

पायरी ६: कर्ज

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के मिळू शकते. वरच्या फ्लॅटला म्हणून ३२ लाखांची मर्यादा. मुद्रांक आणि नोंदणी खर्च सहसा मूल्यात धरत नाहीत. समजा ३० लाख कर्ज घेतले, तर स्वतःचे १० लाख आणि वरचे सव्वातीन लाख, असे सव्वातेरा लाख तयार हवेत. "दहा लाख आहेत, बाकी बँक देईल" म्हणून निघालेल्याचा व्यवहार या सव्वातीन लाखांपाशी अडतो.

८.५ टक्के दराने ३० लाखांचा २० वर्षांचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दल फिटते फक्त ४,७८५. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता सुमारे २९,५४० होतो, महिन्याला साडेतीन हजार जास्त, पण एकूण व्याज सुमारे सव्वानऊ लाखांनी कमी. तरंगत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. त्यामुळे जमेल तेव्हा मुद्दलात भर घालावी.

बँकांचे नवे तरंगते गृहकर्ज ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेले असते. गृहवित्त कंपन्यांना ती सक्ती नाही, त्यांचा दर उतरायला वेळ लागतो. दर वाढला की बँका हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. वर्षातून एकदा खातेउतारा काढून शिल्लक महिने मोजा.

हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक होते. मग सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि पुढे ताबा. अडचण आली तर पहिला हप्ता चुकायच्या आधीच शाखेत जाऊन बोला.

पायरी ७: नवा फ्लॅट आणि महारेरा

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी हवीच. सोलापूर जिल्ह्यातल्या आधीच्या प्रकल्पांचे क्रमांक पी५२६ ने सुरू होतात. जाहिरातीतला क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका आणि पूर्णत्वाची तारीख, दावे, मंजूर नकाशा वाचा. नोंदणीकृत करार होण्याआधी विकासक १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

दर कार्पेटवर काढा. "१,००० फूट, ४,००० चा भाव" म्हणजे ४० लाख. कार्पेट ७४० निघाले तर खरा दर ५,४०५. कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची येत नाहीत. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका. ते नसेल तर पाणी, कर आणि पुढची विक्री, तिन्ही ठिकाणी अडता. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणे विकासकाला बंधनकारक आहे.

पायरी ८: खरेदीनंतर

दस्त नोंदला म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढले असे नाही. फेरफार तलाठ्याकडे (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) येतो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. महिन्याभराने उतारा काढून बघा. सिटी सर्व्हेत हेच काम नगर भूमापन कार्यालयात होते. महापालिकेच्या मिळकतकरावर आणि महावितरणच्या बिलावर नाव बदलण्याचे अर्ज वेगळे द्यावे लागतात. करपावती हा मालकीचा पुरावा नाही, पण थकबाकी मागच्या मालकाची असली तरी वसुली मिळकतीवरूनच होते. म्हणून खरेदीच्या दिवशीच त्याच्याकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.

कर्ज फिटले की १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे असतात. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागदांबरोबर बोजा कमी करण्याचे पत्रही मागा आणि ते तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात स्वतः नेऊन द्या. फेडलेला बोजा उताऱ्यावरून आपोआप उतरत नाही.